आवाज येतो, शब्द येत नाहीत

मंगल कार्यालयात सत्कार समारंभ चाललेला असतो. पाहुणे बोलायला उभे राहतात आणि मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी हात वर करून ओरडतं, "आवाज येत नाही!" साउंडवाला फेडर वर सरकवतो. पुढच्या रांगेतली मंडळी कानावर हात ठेवतात, माइक एकदा शिट्टी मारतो, आणि मागची तक्रार होती तशीच राहते. मुळात ती तक्रारच नीट मांडलेली नसते. मागे आवाज भरपूर येत असतो. येत नसतात ते शब्द.

खाली गुळगुळीत फरशी, बाजूला काचेच्या खिडक्या, ऑइलपेंट मारलेल्या भिंती, वर सपाट स्लॅब. अशा हॉलमध्ये स्पीकरमधून निघालेला आवाज श्रोत्यापर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक थेट, आणि दुसरा भिंती-फरशी-छतावर आपटत, जरा मागाहून. थेट येणारा आवाज अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी, असा साधा हिशेब. आपटून येणारा आवाज मात्र हॉलभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. त्यामुळे स्पीकरपासून काही अंतर मागे गेलं की थेट आवाजापेक्षा आपटलेल्या आवाजाचा भरणा जास्त होतो. एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षरावर पडते आणि वाक्याचा काला होतो. फेडर वर केल्याने हे दोन्ही आवाज सारखेच वाढतात. त्यांच्यातलं प्रमाण तसूभरही बदलत नाही.

प्रमाण बदलायचं तर स्पीकर माणसांच्या जवळ न्यावा लागतो, त्याचं तोंड भिंतीकडून माणसांकडे वळवावं लागतं, किंवा हॉलच्या मध्यावर दोन लहान स्पीकर लावून एकूण आवाज कमी ठेवावा लागतो. त्यातही एक गोम आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे पंधरा मीटर जायला त्याला 44 मिलिसेकंद लागतात. मधल्या स्पीकरला हा उशीर दिला नाही तर मागच्या श्रोत्याला आधी शेजारच्या स्पीकरचा आणि मग स्टेजवरचा, असं सगळं दोनदा ऐकू येतं. तेवढा उशीर, वर आणखी थोडा, मुद्दाम दिला की दोन्ही आवाज कानात एक होतात आणि वक्ता स्टेजवरूनच बोलतोय असं वाटतं. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने 1949 च्या प्रबंधात हे प्रयोगाने दाखवलं. आज डिजिटल मिक्सरमध्ये या उशिरासाठी एक रकाना असतो आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तो शून्यावरच असतो. साउंडवाला आळशी असतो म्हणून नव्हे. तिथे कोणता आकडा भरायचा आणि तो कसा काढायचा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रस्तुत पुस्तक अशा न सांगितलेल्या गोष्टींचं आहे. मराठीत गाण्यावर, नाटकावर, सिनेमावर ढीगभर लिहिलं गेलं. त्या मानाने ते गाणं आणि ते नाटक ज्या तारांमधून आपल्यापर्यंत पोचतं, त्या तारांबद्दल फारच थोडं. आपल्याकडे ही विद्या बघून बघून उचलली गेली: स्पीकर वाहून नेणारा पोरगा हळूहळू केबल जोडायला लागतो, मग मिक्सरवर बसतो. या वाटेने हात तयार होतो, आणि उत्तम होतो. 'असं का?' हा प्रश्न मात्र वाटेतच कुठेतरी गळतो.

ध्वनितंत्राच्या मुळाशी काय आहे, असं एका वाक्यात विचाराल तर मी म्हणेन, प्रमाण. थेट आवाज आणि आपटलेला आवाज, हवा असलेला आवाज आणि नको असलेली खरखर, गायक आणि साथ, सुराची लांबी आणि खोलीची लांबी. या धंद्यात सुटा आकडा कधीच अर्थपूर्ण नसतो. नवशिका विचारतो, "गेन किती ठेवू? बास किती?" आणि अनुभवी माणूस उत्तर टाळतो, तेव्हा तो काही विद्या लपवत नसतो. प्रश्नात दुसरी बाजूच नसते.

डेसिबलपाशी विद्यार्थी हमखास अडखळतो, तो यामुळेच. मीटर, किलो, लिटर यांची सवय झालेल्या डोक्याला वाटतं, डेसिबल हेही असंच एखादं माप असणार. प्रत्यक्षात ती दोन गोष्टींची तुलना आहे. कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्यातल्या हवेच्या दाबात दहा लाख पटींचा फरक असतो. एवढे आकडे रोज कोण लिहीत बसणार? म्हणून शाळेत धाकाने शिकलेला तो लॉगॅरिदम इथे कामाला येतो आणि दहा लाख पटींचे 120 डेसिबल होतात. दाब दुप्पट म्हणजे सहा डेसिबल वर, अँप्लिफायरची ताकद दुप्पट म्हणजे तीन डेसिबल वर, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर साधारण दहा डेसिबल. पाचशे वॉटच्या जागी हजार वॉटचा अँप्लिफायर आणला तरी मंडळाला फरक जेमतेमच का जाणवला, याचं उत्तर या तीन आकड्यांत आहे. एवढे तीन पाठ झाले तरी निम्मं गणित झालं.

तुलना कशाशी, हे मात्र दर वेळी विचारायचं. हवेतल्या आवाजाचं शून्य म्हणजे ऐकू येण्याची खालची सीमा. डिजिटल यंत्रातलं शून्य म्हणजे छत. त्याच्या वर जागाच नाही. लाट तिथे पोचली की तिचा माथा छाटला जातो, आणि छाटलेला माथा पुन्हा जोडता येत नाही. टेपच्या काळात पातळी वर ठेवणं शहाणपणाचं होतं, कारण खाली टेपची सूं-सूं असायची आणि वर टेप सावकाश, जरा गोडव्यानेच फाटायची. आज 24 बिटवर रेकॉर्डिंग करताना खाली भरपूर जागा असते. तरीही 'काटा लाल रेघेला टेकला पाहिजे' हा धडा कित्येक ठिकाणी अजून तसाच दिला जातो. गायकाची सरासरी पातळी उणे अठराच्या आसपास ठेवा आणि तार षड्जाला जागा राहू द्या. मागाहून आवाज वाढवणं फुकट आहे.

यंत्रं आली नव्हती तेव्हा हे प्रमाण कसं सांभाळत असतील? नोव्हेंबर 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित करत होता, तेव्हा त्याच्यापाशी माइक नव्हता, मिक्सर नव्हता, विजेचा संबंधच नव्हता. समोर एक भोंगा, भोंग्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली फिरणारी मेणाची तबकडी. गाणाऱ्याच्या आवाजानेच सुई हलायची. पातळी कमी-जास्त करण्याचा एकच मार्ग होता, अंतर. गायिका भोंग्याजवळ, दणदणीत वाद्य लांब, नाजूक वाद्य पुढे. तान वर गेली की डोकं मागे घ्यायचं, खालच्या सुरांना पुन्हा भोंग्याशी यायचं. मिक्सिंग म्हणतात ते सगळं त्या खोलीत सतरंजीवर बसण्याच्या जागांनी व्हायचं, आणि एकदा झालं की झालं. तबकडीची मर्यादा तीन-साडेतीन मिनिटांची. बिघडलं तर मेण नवं, गाणं पहिल्यापासून.

1925 च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि भोंग्याची जागा माइकने घेतली. दोन्हींतला फरक कानाने ऐकायचा असेल तर अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1905 च्या तबकड्या आणि 1930 नंतरच्या तबकड्या लागोपाठ ऐकाव्यात. गायक तोच. जुन्या मुद्रणात आवाजाचा तळ आणि टोक दोन्ही कापलेले, मधला एक पट्टा तेवढा शिल्लक. नव्यात त्याच गळ्याभोवती हवा आहे. गळ्याच्या वयाचाही फरक असणार हे खरं, पण बराचसा फरक भोंग्याचाच. माझ्या मते ध्वनितंत्र शिकणाऱ्याने पहिल्या आठवड्यात हेच ऐकावं. फ्रिक्वेन्सी म्हणजे काय, हे त्याला मग व्याख्येतून समजून घ्यावं लागणार नाही.

सिनेमाचा इतिहास या पुस्तकात ओघाने येतो, त्यामुळे इथे थोडक्यात. 14 मार्च 1931 ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. त्याचं बरंचसं चित्रण रात्री करावं लागलं, कारण स्टुडिओजवळून आगगाड्या जात आणि तो आवाज संवादांत घुसे. पुढच्याच वर्षी प्रभातने 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलका केला. पुण्यात प्रभातच्याच आवारात 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि ध्वनिमुद्रण हा रीतसर शिकण्याचा विषय झाला. राजकमलच्या मंगेश देसाईंचं नाव 'शोले'च्या श्रेयनामावलीत रि-रेकॉर्डिंगसाठी आहे; तो सिनेमा पन्नास वेळा पाहिलेल्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल कोण जाणे. सगळे संवाद स्टुडिओत पुन्हा बोलून भरण्याची चाल पडली होती, त्या काळात नकुल कामते यांनी 'लगान'मध्ये ते चित्रणाच्या जागीच टिपले. 'आलम आरा'ची आगगाडी आणि 'लगान'चं माळरान, दोन्हीकडे हिशेब एकच होता, हव्या आवाजाचा नकोशा आवाजाशी.

आता घरच्या स्टुडिओकडे वळतो, कारण हे पुस्तक हाती घेणाऱ्यांतले बरेच जण तिथेच काम करणार आहेत. लॅपटॉप आहे, एक बऱ्यापैकी माइक आहे, ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर तर 2000 पासून फुकट मिळतंय. आणि खोली आहे दहा बाय बाराची. सगळी गंमत आहे ती या खोलीत.

100 हर्ट्झच्या सुराची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, म्हणजे साधारण खोलीएवढी. अशा सुराला खोलीत मोकळेपणी फिरायला जागाच नसते. बारा फूट म्हणजे 3.66 मीटर. त्या लांबीत ज्याची अर्धी लाट चपखल बसते तो सूर सुमारे 47 हर्ट्झचा. दहा फुटांच्या बाजूला तोच हिशेब 56 हर्ट्झवर येतो. त्यांच्या दुपटीवर, म्हणजे 94 आणि 112 ला, पूर्ण लाट बसते. हे चार सूर त्या खोलीत घुमणार, मग माइक कितीही महाग असो. पडताळून पाहायचं तर 94 हर्ट्झचा सूर चांगल्या स्पीकरवर सलग लावा आणि एका आखूड भिंतीपासून समोरच्या भिंतीकडे चालत जा. भिंतीशी आवाज दणदणीत असेल. तीन फुटांवर तो जवळजवळ नाहीसा होईल. खोलीच्या मध्यावर पुन्हा उसळेल आणि पलीकडच्या भिंतीच्या तीन फूट अलीकडे पुन्हा बुडेल. स्पीकरला हात लावलेला नाही, फक्त तुम्ही चाललात.

आता समजा, तुमची खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर आहे. तिथे 47 आणि 56 हर्ट्झ, दोन्ही बुडालेले असतात. तुम्हाला वाटतं, गाण्यात खर्ज कमी पडतोय. तुम्ही तो वाढवता, गाणं पाठवून देता, आणि ऐकणाऱ्याच्या गाडीत डॅशबोर्ड थरथरायला लागतो. दोष ना कानाचा, ना स्पीकरचा. खुर्ची दोन फूट पुढे सरकवली असती तर पैसा खर्च न होता बरंच काम झालं असतं. आणि कृपा करून भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवू नका. साडेतीन मीटरच्या लाटेला पुठ्ठ्याचा तो खळगा दिसतसुद्धा नाही. कोपऱ्यात उभी केलेली जाड गादी, पुस्तकांनी भरलेलं कपाट, जाडजूड पडदे हे दिसायला गबाळे, पण पुष्कळ उपयोगाचे.

याच खोलीत तबला ध्वनिमुद्रित करायचा तर आणखी एक प्रमाण आड येतं. साध्या ढोलाच्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी सुसंगत नसतात, म्हणून त्यातून नेमका सूर ऐकू येत नाही. तबल्याच्या मध्यावरची शाई हे बदलते. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये सहकाऱ्यासोबत आणि पुढे 1934 मध्ये दाखवून दिलं की शाईच्या वजनामुळे हे उपस्वर एक, दोन, तीन, चार, पाच अशा सरळ पटींत येतात. तबला सुरात मिळतो तो त्यामुळे. आता माइक चाटेपासून दोन बोटांवर ठेवला तर बोटाचा टणत्कार मोठा येतो आणि मागे राहणारी आस बिचारी लहान. 'ना' ऐकू येतो, पण सुराचा पत्ता नसतो. वीतभर वर नेला की टणत्कार आणि आस यांचा मेळ बसायला लागतो. हातभर लांब नेला तर खोली आत येते, ती मघाचीच, 94 वर घुमणारी, आणि डग्ग्याची घुमक त्याच सुमाराला असली तर 'घे' फुगून बसतो. डग्ग्याला वेगळा माइक लावायचा असेल तर माइक वाद्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये असावं, असा जुना दंडक आहे. तबला-डग्गा शेजारी शेजारी असल्याने तो तंतोतंत पाळता येत नाही. मग माइकांची तोंडं एकमेकांपासून फिरवून आणि प्रत्येक माइकचं वाद्यापासूनचं अंतर कमी करून भागवावं लागतं. दंडक कुठे आणि किती मोडायचा, हे तो कशासाठी आहे ते कळल्यावरच ठरवता येतं.

बोलण्याचंही तसंच. इंग्रजी पुस्तकं 'प' आणि 'ब'च्या फटक्यापासून सावध राहायला सांगतात. मराठीत आपण 'भाऊ', 'फक्त', 'भाकरी', 'फोडणी' असे हवेचे झोत दर वाक्यात सोडतो. शिवाय ख, घ, थ, ध आहेतच. तोंडासमोर चार बोटांवर धरलेल्या माइकच्या पडद्यावर 'भ' आदळला की स्पीकरमध्ये धप्प होतं. त्यात एकाच दिशेने ऐकणारा माइक जवळ आला की खर्ज आपोआप वाढवतो. निवेदकांना तो भारदस्तपणा आवडतो, ऐकणाऱ्याला अर्ध्या तासाने त्याचा गिलावा वाटायला लागतो. उपाय सोपा आहे: माइक तोंडाच्या सरळ रेषेत न ठेवता गालाच्या बाजूने, वीतभर अंतरावर, तिरका. झोत बाजूने निघून जातो, आवाज माइकमध्ये येतो. पॉडकास्ट करणाऱ्या किंवा बोलकी पुस्तकं वाचणाऱ्या मंडळींनी बाकी काही वाचलं नाही तरी बोलण्याचं प्रकरण वाचावं.

कानाच्या प्रकरणाबद्दल दोन शब्द. या व्यवसायात माइक बदलता येतो, कान नाही. 85 डेसिबलच्या आवाजात आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, अशी अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. त्या हिशेबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीशेजारी रात्रभर उभं राहणाऱ्या पोराचा हिशेब ज्याने त्याने करावा. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आपल्याकडे 2000 च्या नियमांतच आहे. पोलीस येऊन मीटर लावतात तेव्हा ती आठवते. पुस्तकात हे नियम दिले आहेत, पण ते पोलिसांपेक्षा स्वतःच्या कानासाठी वाचावेत, एवढीच विनंती. सतत मोठ्या आवाजात मिक्सिंग करण्याचा आणखी एक तोटा असा, की हळू आवाजात कान खर्जाला मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच ते मोजून ठेवलंय. स्टुडिओत दणकट वाटलेलं गाणं घरी हळू लावलं की चिपाडासारखं वाटतं.

पुस्तकात कुठल्या कंपनीचा माइक घ्यावा याची यादी नाही. ती मागणारे बरेच भेटतील, पण अशी यादी छापून होईपर्यंत शिळी होते. गणित आहे, लॉगच्या पलीकडे जात नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरी करून पाहायचा एक प्रयोग आहे. तो न करता पुढचं प्रकरण वाचलं तर शब्द कळतील, कामाला येणार नाहीत. नाटकाच्या विंगेत बसणाऱ्यांनी चौथ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल; लाइव्ह साउंडवाल्यांनी फीडबॅकचं प्रकरण आधी घ्यावं, त्यांना आज संध्याकाळीच कार्यक्रम असण्याची शक्यता जास्त. बाकीच्यांनी पहिल्यापासून वाचावं. पहिलं प्रकरण खोलीचं आहे. त्यासाठी माइक किंवा लॅपटॉप लागणार नाही. मोजपट्टी, कागद-पेन आणि टाळी वाजवायला दोन हात पुरे.